घरात दोन लहान मुलं असताना रोजच्या धबडग्यात कृतज्ञता कशी ठेवायची? आणि मुलांना ती कशी शिकवायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची, दिवस चिडचिडीत संपतो आणि मुलं झोपली की त्यांच्याकडे बघून अपराधी वाटतं. वर जो तो सांगतो, ‘दोन गोड मुलं आहेत, आणखी काय हवं, समाधान मानावं.’ माझी लेक साडेपाच वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. तुमचा प्रश्न वाचला आणि कणीक तशीच झाकून ठेवून लिहायला बसले.

आधी त्या अपराधीपणाबद्दल. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईची चिडचिड म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, तिची झोप झालेली नसते. त्यावर उपाय झोपेचा आहे आणि तो घरातल्या इतरांनी करायचा आहे. मन सतत उदास राहत असेल, रडू येत असेल, मुलांजवळही जावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतर असं होतं, कित्येक महिन्यांनीही होतं आणि त्यावर औषधोपचार आहेत. ‘समाधान मान’ म्हणून ते झाकू नका, कोणाला झाकूही देऊ नका.

आता माझा अनुभव. धाकटा तीन महिन्यांचा असताना मी कृतज्ञतेची वही सुरू केली होती. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. चौथ्या दिवशी मी लिहिलं, ‘मुलं, घर, तब्येत’. पाचव्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी वही उशीखाली आणि मनात आणखी एक काम राहिल्याची रुखरुख. पुढे वाचनात आलं की या वह्यांचा बोलबाला ज्या संशोधनापासून झाला, ते रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचं २००३ सालचं. त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या, दहा आठवडे. ते वाचून मी रोजचं लिहिणं सोडलं. रविवारी दुपारी मुलं झोपली तर लिहिते. पण खरं सांगायचं तर वहीने माझ्यात फार फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने, आणि ती मी लहानपणीच पाहिली होती.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून थोडं आत. पोळा म्हटलं की सगळ्यांना रंगवलेली शिंगं, झुली आणि पुरणपोळी आठवते. मला आठवते आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. जिथे जू बसतं तिथली बैलाची कातडी वर्षभर घासून निबर झालेली असते. आजोबा तळहातावर तूप-हळद घ्यायचे आणि नेमकी तीच जागा चोळत बसायचे. घाई अजिबात नाही. बैल मान खाली घालून डोळे मिटायचा. चोळून झालं की आजोबा त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ एरवी त्याच बैलाला ते अरे-तुरे करत, रागावले की शिव्याही देत. त्या एका संध्याकाळी मात्र ‘घ्या’ आणि ‘या’. मी सहा-सात वर्षांची असेन. बैलाला अहो-जाहो करताना आजोबांना पाहून मी हसले होते आणि आजीने मला डोळ्यांनी दटावलं होतं.

पाठ थोपटून भागलं असतं, पण ते खांदाच चोळायचे, कारण ओझं तिथे घासलेलं असायचं. हे इतकं साधं आहे, पण मला ते उमगायला पंचवीस-तीस वर्षं गेली.

धाकट्याला दात येत होते तेव्हाची गोष्ट. मी आणि नवरा एकमेकांना दिवसातून दहादा ‘थँक्यू’ म्हणत होतो, पाण्याचा ग्लास दिला तरी. आणि तरी दोघंही मनातून कुढत होतो की आपण किती करतो ते समोरच्याला दिसतच नाही. एके सकाळी तो चहा करत होता आणि त्याच्या टी-शर्टच्या डाव्या खांद्यावर लाळेचा वाळलेला पांढरा डाग मला दिसला. डाग मोठा, तळहाताएवढा. तो चहा ढवळता ढवळता डावा हात गोल फिरवत होता. रात्री तो पोराला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या मारत होता, हे मला अर्धवट झोपेत जाणवलं होतं. मी म्हटलं, ‘रात्री तीन ते साडेचार तू फिरत होतास ना? मला सलग झोप लागली ती तेव्हाच.’ आणि खांदा दाबून दिला, दोन मिनिटं असेल. तो काही बोलला नाही. गॅस बंद केला आणि नुसता उभा राहिला.

त्याचं उत्तर आलं पंधरा-वीस दिवसांनी, भाजी निवडताना. ‘लस कधी, डायपर किती उरलेत, शाळेत उद्या काय न्यायचंय, हे सगळं तुझ्या डोक्यात असतं. माझ्या नसतं.’ मला वाटतं आमच्या लग्नात मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य आहे. नंतर लसीकरणाचं कार्ड त्याने स्वतःकडे घेतलं.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे की मोघम आभार मानू नका. ‘तू खूप करतोस’ हे कोणालाच पोचत नाही. कधी, काय, आणि त्यामुळे मला काय मिळालं, एवढं सांगा. सासूबाईंच्या बाबतीतही आम्ही हेच केलं. त्या जमिनीवर बसून नातवाला भरवायच्या, उठताना भिंतीला धरायच्या. ‘आई, तुमच्यामुळे जमतंय’ हे मी शंभरदा म्हटलं असेल. शेवटी पोराची उंच खुर्ची आणली. त्या खुर्चीकडे बघून त्या म्हणाल्या, ‘गुडघ्यांचं लक्षात आलं होय तुझ्या?’

आता मुलांचं. ‘थँक्यू म्हण’ हा घोष मी पूर्वी फार केला आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला शेजारच्या काकूंनी बाहुली दिली. मी तिला कोपराने ढोसत ‘काय म्हणायचं असतं?’ विचारत राहिले. ती माझ्या ओढणीमागे लपली. घरी आल्यावर मी रागावलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी माझा राग उतरल्यावर सहज विचारलं, ‘ही बाहुली काकूंनी कुठून आणली असेल गं?’ ‘दुकानातून.’ ‘त्यांना कसं कळलं तुला निळा फ्रॉक आवडतो?’ ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘त्या दुकानात माझा विचार करत होत्या?’ त्याच संध्याकाळी बाहुली घेऊन ती स्वतः काकूंकडे गेली, बाहुलीची वेणी घातलेली दाखवायला. थँक्यू म्हणाली नाही. काकूंना त्याची गरजही वाटली नसावी.

दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही चालू असतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळायला लागतं. त्याआधीचं ‘थँक्यू’ हा टाटा-बाय-बायसारखा शिकलेला शब्द असतो. शिकवायला हरकत नाही, पण त्यावरून मुलाची परीक्षा घेऊ नका. तुमचा मुलगा अगदी त्या उंबरठ्यावर आहे, त्याला प्रश्न विचारायला सुरुवात करा. आणि आपल्या बोलीत यासाठी किती शब्द आहेत बघा. ‘बरं झालं आलीस.’ ‘किती लक्षात ठेवलंस.’ ‘दमलास ना, बस जरा.’ धन्यवाद आणि आभार आपण व्यासपीठावर म्हणतो, घरात ही वाक्यं म्हणतो. मुलांच्या कानावर ती पडू द्या.

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत तुमच्याकडेही असेल. आमच्याकडे डब्यात काय घालायचं ते आता लेक ठरवते. बहुतेक वेळा लाडू नाहीतर मूठभर शेंगदाणे. एकदा तिने आपलं आवडतं शार्पनर ठेवलं होतं. मी काढलं नाही.

पण तिला हे सगळ्यात नीट कळलं ते कचऱ्यावरून. आम्ही पुण्यात राहतो. इथे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या कचरावेचकांच्या संघटनेतून ती उभी राहिली. आमच्याकडे रोज सकाळी ज्या मावशी येतात, त्या सुका कचरा हातांनी निवडतात. आणि आमच्या घरातून दिवसाला पाच डायपर जात होते, इतर कचऱ्यात तसेच. एकदा दार उघडंच होतं आणि लेकीने पाहिलं. मावशींनी पिशवी सोडली, हात आत घातला आणि पटकन मागे घेतला. काही बोलल्या नाहीत, हात पिशवीला पुसला आणि पुढच्या दाराकडे वळल्या. लेक घरात येऊन मला म्हणाली, ‘मावशींना आपल्या बाळाची शी लागली.’

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वापरलेली डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळी द्यायची, हे मला माहीत होतं. कचरावेचकांनीच लोकांना केलेली ती विनंती आहे, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते त्यांना कळतं. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांतही असा कचरा गुंडाळून देणं घराघराची जबाबदारी आहे. मी ते दमल्याच्या नावाखाली टाळत होते. रोज मावशींना दारात हसून ‘या’ म्हणत होते, उन्हाळ्यात ताक देत होते, आणि हे टाळत होते.

त्या दिवसापासून लाल ठिपका लेक काढते. मी पुडी बांधून देते, ती जमिनीवर मांडी घालून, जीभ बाहेर काढून, गोल अगदी पुरा भरेपर्यंत रंगवते. पहिल्या आठवड्यात ठिपके एवढे मोठे असायचे की मावशींनी विचारलं, ‘कोण काढतंय गं हे?’ ती दारामागून हळूच पुढे आली. मावशी म्हणाल्या, ‘गुणाची गं माझी बाय, औक्षवंत हो.’ औक्षवंत म्हणजे काय ते तिने मला दिवसभरात तीनदा विचारलं.

गेल्या आठवड्यात लाल स्केचपेन सुकलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन नवी आणली. एक तिच्या कंपासपेटीत आहे. दुसरं तिने लोकरीच्या दोऱ्याने न्हाणीघराच्या खिळ्याला बांधून ठेवलंय, बाबासाठी. रात्रीचं डायपर तो बदलतो.