हतनूर धरणाआधीचं आमचं गाव जुन्या नकाशात ऑनलाइन कुठे बघायला मिळेल?

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नकाशासंग्रहापासून सुरुवात करा. १९५० च्या दशकातली भारताची १:२,५०,००० प्रमाणाची शीटं तिथे फुकट उतरवून घेता येतात. एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे घरं दिसणार नाहीत, पण नदीचं वळण आणि मोठी गावं दिसतात. मुक्ताईनगर शोधू नका, ते नाव नंतरचं, 'एदलाबाद' बघा. मी नेहमी चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम आधी धरतो, मग तिथून बोट सरकवत गावाकडे जातो. धरणाआधीचं पात्र तिथे किती बारीक आहे, ते बघून जीव हलतो.

त्याहून जुनं हवं असेल तर डेव्हिड रम्सी संग्रह, हाही जुन्या नकाशांचा ऑनलाइन संग्रह. तिथे इंग्रजी स्पेलिंगची गंमत सांभाळा: खानदेश 'के'ने सापडला नाही तर 'सी'ने 'कॅन्डीश' टाकून बघा, तापीला 'ताप्ती', धुळ्याला 'धुलिया'. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता, म्हणून त्याआधीच्या नकाशात जळगाव जिल्हा शोधत बसू नका. आणि सापडलेलं शीट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोठं करून नक्की दाखवा. शिवाराची नावं त्यांनाच माहीत असतात, ती त्याच दिवशी लिहून ठेवा.