वाचक विचारतात : परत आलेल्या चपलांचा हिशेब

(या महिन्याचे प्रश्न स्टार्टअप आणि ऑनलाइन धंद्यांविषयीचे. उत्तरं देणाऱ्या बाई मुंबईतल्या एका व्हेंचर कॅपिटल फंडात, म्हणजे नव्या कंपन्यांत वाटा घेऊन पैसे घालणाऱ्या फंडात, चौदा वर्षं काम करतात.)

प्रश्न : आम्ही नवरा-बायको इन्स्टाग्रामवरून कोल्हापुरी चपला विकतो. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, तो गाजावाजा झाल्यापासून आमच्या ऑर्डरी दुप्पट झाल्या. महिन्याला चारशे जोड जातात, बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरी. तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. गुंतवणूकदार शोधावा म्हणतेय. त्याला किती टक्के द्यावेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, टक्क्यांचं मागाहून बघू. चारशे जातात, पण परत किती येतात? तुमच्या पत्रात तो आकडा नाही. माझ्यापुढे येणाऱ्या चकचकीत सादरीकरणांतही तो बहुधा नसतोच.

यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. लहान मुलांचे कपडे ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत आम्ही पैसे घातले, तेव्हा मी ऑर्डरींचा चढता आलेख बघून खूश होते. चार महिन्यांनी भिवंडीला त्यांचं गोडाऊन बघायला गेले. दारापासून छतापर्यंत परत आलेल्या पार्सलांची पोती. काही पार्सलांवर चिकटपट्टीचे तीन-तीन थर, म्हणजे तेच झबलं तीन गावं हिंडून आलेलं. आलेखात त्या तीन ऑर्डरी होत्या!

आमच्याकडे याला आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. गाड्यांच्या आरटीओइतकाच तापदायक. एका जोडाचा हिशेब मी अंदाजाने मांडते, तुम्ही तुमचे आकडे घाला. विक्री 1,200. कारागिराला 550, खोका-पिशवी 40, कुरिअर 90, जाहिरात 250, रोख वसुलीचे 40. उरले 230. तोच जोड दारावरून परत आला, तर जाहिरात, खोका आणि जाता-येताचं कुरिअर मिळून 470 गेले. आता शंभरातले पंचवीस परत आले तर हातात 5,500. तीस आले तर 2,000. तेहतीस आले की पदरचे शंभर रुपये घालायचे. भाडं आणि मदतनिसाचा पगार मी अजून धरलेलाच नाही. यात बाहेरचा पैसा ओतलात तर जाहिरात वाढेल, ऑर्डरी वाढतील, आणि पोतीही.

तेव्हा आधी हे करून बघा. पार्सल निघण्यापूर्वी गिऱ्हाइकाला फोन. आधीच यूपीआयने पैसे भरणाऱ्याला पन्नास-साठ रुपये सूट. आणि नंबराचा घोळ मिटवा. कोल्हापुरीचा सात नंबर आणि बुटाचा सात नंबर यांचं जमत नाही, हे मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाइकाला कुठून ठाऊक असणार? कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखा म्हणावं आणि टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये कळवा.

आता गुंतवणूकदाराचं. समजा, माझा फंड 200 कोटींचा आहे. त्यात पैसे घालणाऱ्यांनी, सेबीच्या नियमाप्रमाणे, साधारणपणे किमान एकेक कोटी घातलेला असतो, आणि दहा वर्षांत त्याचे तिप्पट व्हावेत ही त्यांची अपेक्षा असते. वीस-पंचवीस कंपन्यांतल्या निम्म्या बुडणार हे धरूनच मी चालते. म्हणून प्रत्येकीकडे बघताना प्रश्न एकच : ही एकटी अख्खा फंड परत करू शकेल का? शेवटी माझा वाटा 15 टक्के उरला, तर त्यासाठी ती कंपनी 1,300 कोटींच्या वर विकली जायला हवी. तुमचा धंदा वीस कोटींचा झाला तर तुमच्या घरी दिवाळी असेल, माझ्या खात्यात मात्र तो ‘फसलेला’ म्हणून लागेल. मग मी तुम्हाला ढोसत राहणार, कोल्हापुरीबरोबर सँडल विका, बूट विका, दुबईला पाठवा. हे तुम्हाला हवंय का? हाताने शिवणारे कारागीर त्या वेगाने वाढत नाहीत. चामडं घ्यायला भांडवल लागत असेल तर बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ता भरावा लागतो, पण बँक तुम्हाला बूट विकायला सांगत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ॲपची भन्नाट कल्पना आहे. ऐकण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही कराल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. एकाच महिन्यात तीच कल्पना मला आणखी दोघांनी सांगितलेली असते. पैसे देणारी पंचवीस गिऱ्हाइकं घेऊन ये, त्यांच्याबद्दल बोलू.

प्रश्न : मुलाच्या कंपनीला 8 कोटी मिळाले, मूल्यांकन 40 कोटी असं पेपरात आलं. मुलाकडे 30 टक्के आहेत, म्हणजे 12 कोटी झाले ना? स्थळं येताहेत, सांगावं का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : काका, जरा थांबा. 40 कोटी म्हणजे शेवटचा शेअर ज्या भावाने विकला गेला, तो भाव गुणिले सगळे शेअर. त्या भावाने बाकीचे घ्यायला कुणी दारात उभं नाही. बायजूजचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर होतं. जुलै 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

शिवाय करारात बहुधा एक कलम असतं : कंपनी विकली तर गुंतवणूकदार आपले पैसे आधी काढून घेणार. समजा, उद्या ती 10 कोटींना गेली. आठ कोटी त्यांचे. उरलेले दोन कोटी बाकीच्या 80 टक्केवाल्यांत वाटले जाणार, त्यात मुलाच्या 30 टक्क्यांना 75 लाख, तेही देणी आणि कर भागायच्या आधीचे.

स्थळांना बारा कोटी सांगू नका. मुलाचा पगार विचारून ठेवा, मुलीकडचे तो विचारणारच. माझ्या ओळखीच्या बऱ्याच संस्थापकांचा पगार त्यांनीच नेमलेल्या इंजिनिअरपेक्षा कमी आहे.