लेह ते तवांग: दोन तासांवर जाऊ नकोस

अगं पोरी, तू म्हणतेस लेहहून अरुणाचलमधल्या तवांगला विमानाने दोन तासांत पोहोचशील. सरळ रेषेत ते अंतर साधारण 1,550 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने भागलंस की दोन तास येतात, खरंय. पण ती रेषा हिमालयावरून, तिबेटवरून जाते आणि तवांगला प्रवासी विमान उतरतच नाही! आपल्या इंदूरहून ओंकारेश्वर नकाशावर जवळ दिसतं, वाटेत सिमरोलच्या घाटात ट्रक अडकला की कळतं. तसंच हे.

खरा हिशेब असा: लेह ते दिल्ली सुमारे दीड तास, दिल्ली ते गुवाहाटी अडीच. पुढे रस्ता, त्याला दोन दिवस धरच. मध्ये बोमडिला किंवा दिरांगला मुक्काम कर. वाटेतली से-ला खिंड 13,700 फुटांवर आहे. 2024 मध्ये तिथे बोगदा झाल्यापासून बर्फातली अडचण कमी झाली, तरी घाई नको.

लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात. दुपारी वारा वाढतो, ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. त्यामुळे उड्डाण रद्द झालं तर तो दिवस गेलाच. म्हणून दिल्लीत एक रात्र मोकळी ठेव, पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नकोस. आणि अरुणाचलचा इनर लाइन परमिट, म्हणजे तिथे जायला लागणारा सरकारी परवाना, इंदूरहून निघण्याआधीच काढ.