दीड वर्षाच्या मुलीचे बोरन्हाणाचे फोटो काढायचे आहेत. स्टुडिओ कसा निवडावा आणि पाठीमागे कोणता पडदा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी काळं खणाचं परकर-पोलकं आणि हलव्याचे दागिने घालणार आहे, आणि जवळच्या स्टुडिओत पन्नासेक पडदे आहेत. लहान मुलांचे पोर्ट्रेट काढणं हेच माझं काम आहे, म्हणून ठामपणे सांगते: पडदे किती आहेत ते नंतर बघा, आधी खोलीची लांबी बघा.

हिशोब सोपा आहे. मूल पडद्यापासून किमान ५ फूट पुढे हवं. उभ्या मुलीचा पूर्ण फोटो, वर-खाली जागा सोडून, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीची फ्रेम. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स असेल तर त्यासाठी साडेअकरा फूट मागे जावं लागतं. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लावली तरी साडेदहा फूट लागतातच. त्यामागे फोटोग्राफरला वाकायला-बसायला दोन-अडीच फूट. म्हणजे खोली १८ ते २० फूट लांब हवी. दहा बाय बाराच्या खोलीत दोनच गोष्टी होऊ शकतात: मूल पडद्याला चिकटतं, नाहीतर फोटोग्राफर ३५ मिमी लेन्स घेऊन चार-पाच फुटांवरून फोटो काढतो. तोही उभ्यानेच काढला तर कपाळ मोठं आणि पाय इवलेसे दिसतात.

ते ५ फूट इतके महत्त्वाचे का? एक तर मुलीची सावली पडद्यावर न पडता मागच्या जमिनीवर पडते. दुसरं, रंगीत पडद्यावरून उसळलेला उजेड गालांवर आणि हनुवटीखाली चढत नाही. गडद गुलाबी, पोपटी आणि झेंडूसारखा नारिंगी या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. गव्हाळ त्वचेवर तो रंग बसला की नंतर काढणं फार कष्टाचं. तिसरं कारण मला सर्वात मोलाचं वाटतं: अंतर असेल तर पडद्याची छटा आपल्या हातात राहते. लाइटपासून मुलगी ४ फुटांवर आणि पडदा ८ फुटांवर असेल, तर पडद्यावर एक चतुर्थांशच उजेड पोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढरा पडदा तिथे राखाडी दिसतो आणि मध्यम राखाडी पडदा गडद होतो. पडद्यावर वेगळा लाइट टाकला की तोच राखाडी फिकट. एका राखाडी कागदी पडद्यात तीन पडदे मिळतात, पन्नास लागत नाहीत.

आता तुमच्या पोशाखाकडे येऊ. काळं कापड, काळे केस आणि त्यावर पांढराशुभ्र हलवा: याहून अवघड जोडी लहान मुलांच्या फोटोत क्वचितच असते. मागे काळा पडदा घेतलात तर केस आणि पोलकं दोन्ही त्यात विरघळतात. चेहरा आणि दागिने तेवढे अधांतरी उरतात. मागून केसांवर रिम लाइट (कडेपुरता उजेड देणारा दिवा) टाकून कडा वेगळी करता येते, पण दीड वर्षाचं मूल जागेवर थांबत नाही. ते वळलं की तोच लाइट नाकावर आणि गालावर भगभगीत पडतो.

पांढराही नको. पडदा खरोखर पांढरा दिसण्यासाठी त्यावर मुलीपेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त उजेड लागतो. त्याहून वाढला तर तो पुढे येऊन काळ्या कापडाच्या कडा धुरकट करतो. शिवाय मुकुट आणि बाजूबंद यांचा जो भाग शरीराच्या रेषेबाहेर येतो, तो पांढऱ्यावर पांढरा म्हणून नाहीसाच होतो.

म्हणून मध्यम राखाडी सीमलेस पेपर, म्हणजे भिंतीवरून जमिनीवर सलग उतरणारा रोलचा कागद घ्या. रंग हवाच असेल तर मळकट तपकिरी किंवा ऑलिव्ह. मरून कापडही शोभतं, मात्र ५ ऐवजी ६ फूट अंतर ठेवा. कापड असेल तर ते गुंडाळून ठेवलेलं आहे की घडी घालून, ते पाहा. घडीच्या रेषा एफ/५.६ या अॅपर्चरला (लेन्सच्या उघडझापीच्या मापाला; आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी) पुसट होतात, पण जात नाहीत.

पेपरची रुंदी विचारायला विसरू नका. बाजारात प्रामुख्याने १.३५ मीटर आणि २.७२ मीटर रुंदीचे रोल मिळतात. उभ्या फ्रेममध्ये मुलीजवळ १ मीटर रुंदी दिसत असेल, तर दीड मीटर मागे पडद्याजवळ ती १.४ मीटरच्या वर जाते. म्हणजे अरुंद रोल चालत्या मुलीला तर नाहीच, एका जागी उभ्या मुलीलाही पुरत नाही. २.७२ चाच मागा. जमिनीवर उतरणारा पेपर गुळगुळीत फरशीवर सरकतो, म्हणून कडा टेपने चिकटवलेल्या हव्यात.

राजवाडा, झोपाळा, पतंगांचं आकाश असे छापील फ्लेक्स मी सुचवणार नाही. ते चकाकतात, आणि त्यातलं चित्र उभ्या माणसाच्या नजरेतून काढलेलं असतं. मुलांचे फोटो मात्र त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून, जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून काढायचे असतात. दोन्ही क्षितिजं जुळत नाहीत, मग मूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

हलव्याचा काटा दिसायला हवा, नाहीतर दागिने साबुदाण्याचे वाटतात. त्यासाठी तीन-चार फुटी सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी लावलेला लाइट) समोरून नको; ४५ ते ६० अंश बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड. हलव्यावरची चमक जळू देऊ नका. कॅमेऱ्यात ओव्हरएक्स्पोजरचा इशारा हलव्यावर लुकलुकला तर एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या. काळं कापड नंतर थोडं वर उचलता येतं, जळलेला हलवा परत येत नाही. अॅपर्चर एफ/५.६ ठेवा. ८५ मिमीने २ मीटरवरून एफ/२ ला पुढे-मागे मिळून जेमतेम साडेसहा सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. डोळे धारदार आणि गळ्यातला हार पुसट, असं होतं.

पोशाखाचा क्रमही ठरवून जा. आधी नुसत्या परकर-पोलक्यावर फोटो, मग हार आणि बाजूबंद, मुकुट किंवा बिंदी अगदी शेवटी, कारण डोक्यावरचं मुलं सर्वात आधी ओढतात. गळ्याला काटे टोचू नयेत म्हणून हाराखाली मऊ कापडाची पट्टी शिवून घ्या. घाम आला की हलवा चिकट होतो, म्हणून दागिने घरून घालून नेऊ नका.

डोक्यावरून ओतायचा फोटो पेपरवर नको. बोरं आणि हलवा पायाखाली चिरडून डाग पडतात. सतरंजी आणि पाट घ्या. ओतायला चुरमुरेच वापरा. बोरं, शेंगदाणे आणि सुटा हलवा या वयात घशात अडकू शकतो, तेव्हा हे सगळं मुलीच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि एक मोठं माणूस हातभर अंतरावर बसवा. डोक्यापासून फूटभर उंचीवरून, किंचित मागच्या बाजूला ओता, म्हणजे डोळ्यांत जात नाही. फ्लॅश असेल तर पडणारे चुरमुरे थिजतात. सतत पेटणारे एलईडी असतील तर शटर १/५०० तरी हवं.

स्टुडिओला फोन करण्याऐवजी एकदा जाऊन या. स्टँडच्या पायावर वाळूच्या पिशव्या आहेत का, वायरी जमिनीला चिकटवल्या आहेत का, एसीचा झोत पाटावर येतो का, दूध पाजायला आडोसा आहे का, हे पाहा. खाण्या-रडण्याचा वेळ तासात धरतात का, ते आधीच विचारा. आणि निवडक दहा फोटोंऐवजी एकाच मुलाचं पूर्ण सत्र दाखवायला सांगा. हनुवटीखालचा रंग आणि केसांची कड तिथे लगेच कळते. संक्रांत ते रथसप्तमी गर्दी असते, त्यामुळे रविवार टाळून मुलीच्या झोपेनंतरची वेळ घ्या.

असा स्टुडिओ जवळ नसेल तर घरची उत्तरेची खिडकी वापरा. जानेवारीत सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. मुलगी खिडकीपासून ३ फुटांवर, खिडकी एका बाजूला, मागे राखाडी किंवा तपकिरी साधी चादर ताणून. ट्यूबलाइट बंदच करा: त्यांचा रंग वेगळा असतो, आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने बऱ्याच ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, मग वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात.

पैसे देण्यापूर्वी पूर्ण आकाराच्या फाइल्स मिळणार का, ते ठरवा. ८ बाय १२ इंची चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवलेले फोटो आकसून येतात, तेव्हा पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक मागा.