घड्याळ मला ऐकूच आलं नव्हतं

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'कागज के फूल' बघताना तुला डुलकी लागली, आणि त्या नव्या सिनेमाच्या शेवटी इतकी रडलीस की दिवे लागले तरी उठवेना. मग घरी येऊन कुणाचा तरी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिलास. तो नवा सिनेमा कसा मुद्दाम रडवायला रचलाय हे त्या गृहस्थांनी सप्रमाण सांगितलं, आणि आता तुला स्वतःच्या रडण्याची लाज वाटतेय. दोन्हींवर लिहायला घेतलंस आणि तीन वेळा पुसून टाकलंस. वर मला विचारतेस, 'मावशी, मला सिनेमा कळतो का गं?'

डुलकीचं मला काही वाटलं नाही, रडण्याचंही नाही. तीन वेळा पुसलंस याचा मात्र राग आला. त्यातलं पहिलं, घाईघाईत खरडलेलं, ते मला वाचायचं होतं. आता ते तुझ्याकडेसुद्धा नाही.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. आधी लिही, मग वाच. सिनेमा संपला की दुसऱ्या कुणाचा शब्द कानावर पडायच्या आत चार ओळी लिही. मग सगळं जग वाच.

हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. फिल्म सोसायटीत 'कुंकू' दाखवणार होते. १९३७ चा, प्रभातचा, शांतारामबापूंचा. सोसायटीचा खेळ म्हणजे १६ मिलिमीटरची प्रिंट आणि हॉलच्या मधोमध टेबलावर मांडलेला प्रोजेक्टर. रीळ बदलायला दिवे लावायचे, आणि तेवढ्या वेळात पुढच्या रांगेतली जाणती मंडळी माना वळवून मागच्यांचं शिक्षण करायची. आत शिरतानाच प्रत्येकाच्या हातात सायक्लोस्टाइल केलेला एक कागद दिला होता. त्यात लिहिलं होतं की या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या त्या प्रसंगातलंच. आणि घड्याळाकडे लक्ष असू द्या.

खेळानंतर चर्चा. बायका आम्ही तिघी-चौघी, त्यातही बोलणारी एकही नाही. कुणीतरी उदारपणे माझ्याकडे वळून विचारलं, 'तुम्हाला काय वाटलं?' मी म्हटलं, 'ध्वनीचा वापर फार प्रभावी आहे. विशेषतः घड्याळ.' माना डोलल्या. मी हवेत. घरी जाऊन वहीतही तेच उतरवलं, 'ध्वनी. घड्याळ. शांता आपटे उत्तम.'

अगं, घड्याळ मला ऐकूच आलं नव्हतं! प्रोजेक्टर माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होता. त्या खरखरीत संवाद कसेबसे कळत होते, टिकटिक कुठून ऐकू येणार?

गेल्या वर्षी तोच सिनेमा घरी हेडफोन लावून पाहिला. टिकटिक ऐकू आली, चाळीस वर्षांनी. पण मी हलले ते दुसऱ्याच गोष्टीनं. नीराचं फसवून लग्न लावलंय आणि ती या म्हाताऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी माझी नजर त्या म्हाताऱ्यावर खिळली. केशवराव दात्यांचे काकासाहेब. आपल्या हातून काय घडलंय हे त्या माणसाला हळूहळू उमगत जातं, आणि उमगत जाताना त्याचा चेहरा सुटत जातो, खांदे उतरतात. मला त्याच्यासाठी रडू आलं. नीराची बाजू तसूभरही न सोडता त्याच्यासाठी रडू आलं.

मग वाटलं, बाविसाव्या वर्षी मला याचं काय वाटलं असेल? संताप आला असेल का? की मी त्याच्याकडे बघितलंच नसेल? कदाचित तेव्हाही दया आली असेल आणि त्या मंडळींसमोर म्हाताऱ्याची बाजू घेतल्यासारखं दिसेल म्हणून मी ती गिळली असेल. वही काढली. 'ध्वनी. घड्याळ.' त्या हॉलमध्ये माझ्या बाजूची साक्षीदार एकटी मीच होते, आणि मी दुसऱ्याची जबानी लिहून दिली.

म्हणून सांगते, आधी लिही.

आता तुझ्या डुलकीकडे येऊ. 'बोर झालं' असं लिहून मोकळी होऊ नकोस, तेवढ्यानं काहीच कळत नाही. डोळा कुठे लागला? लग्न मोडलेल्या दिग्दर्शकाचं घर दिसतं तेव्हा, की पुढे त्याची घसरण सुरू झाल्यावर? एकटी होतीस की मैत्रिणी मोबाइल बघत होत्या? उठलीस तेव्हा पडद्यावर काय होतं? हे सगळं लिही. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा, चित्रपट, १९५९ चा. तू तो हातभर पडद्यावर बघितलास, वर-खाली काळ्या पट्ट्यांमध्ये. तेही लिही, कारण ते तुझ्या डुलकीत आलंच.

पण उगाच हुरळून जाऊ नकोस हं. तो १९५९ मध्येही चालला नव्हता, त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून कुठल्याच सिनेमाला नाव दिलं नाही, हे तुला आज ना उद्या कुठेतरी वाचायला मिळेल आणि तू म्हणशील, बघ, तेव्हाच्या लोकांनाही कंटाळाच आला होता! त्यांचा कंटाळा त्यांचा. तो उसना घेऊन तुझा मोठा होणार नाही. मला स्वतःला उत्तरार्ध लांबलेला वाटतो, स्वतःची कीव करत बसलेला वाटतो. हे मी पंचवीस वर्षं म्हणतेय आणि त्यापायी एका चांगल्या मित्राशी बोलणं बंद झालंय. त्याचं म्हणणं, मी हट्टाला पेटलेय. मी दर पाच-सात वर्षांनी तो सिनेमा पुन्हा बघते, दर वेळी आधी लिहिते, आणि दर वेळी तेच लिहून होतं, त्याला मी काय करू? स्टुडिओतला तो प्रकाशाचा झोत येतो तेव्हा मात्र दर वेळी माझा श्वास अडकतो. तेही चारही वेळा लिहिलंय. त्याला ते कधी दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

आणि तो झोत आठवलाच आहे म्हणून सांगते. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठे आरसे लावून आत आणलं होतं. रचलंच होतं की! तुझ्या त्या व्हिडिओवाल्या गृहस्थांना वाटतं, रचलेलं आहे हे दाखवून दिलं की रडणं खोटं ठरलं. सिनेमात न रचलेलं काय असतं? रचना उघडी पडली का, पडली तर कुठे, त्या क्षणी तुला ती दिसली का, हे विचार ना. रडताना दिसली नाही आणि व्हिडिओ बघून दिसली, तर तसं लिही, दोन वेगळ्या तारखा घालून. आधीचं खोडायचं नाही.

याद्यांचं तू विचारलंस. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९५२ मध्ये पहिला नंबर 'बायसिकल थीव्ज'चा. १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' हलला नाही. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' वर आला, जो बनला १९५८ मध्ये आणि १९८२ पर्यंत पहिल्या दहातही नव्हता. २०२२ मध्ये शांताल आकेरमानचा 'जान दिएलमान', १९७५ चा, तीन तासांहून मोठा, आणि त्यातला बराच वेळ एक बाई स्वयंपाकघरात कामं करताना दिसते. यादीला नावं ठेवू नकोस, तिच्यामुळेच मी हे सिनेमे शोधून बघितले. फक्त शेवटचा शब्द म्हणून ती हातात घेऊ नकोस.

आता माझं पाप ऐक.

१९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' आला. मी पोट धरून हसले. शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर हात टेकून हसले. तेव्हा एका छोट्या मासिकात मी सिनेमावर लिहायचे. चार दिवसांनी लेख लिहिला आणि त्यात 'थिल्लर' हा शब्द तीनदा वापरला. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला आहे, हे जणू चोरी पकडल्याच्या थाटात सांगितलं. हसल्याचं एक अक्षर नाही. का, तर संपादक हसले नव्हते.

पुरुषांनी बायका होण्यातले काही विनोद मला तेव्हाही खटकले होते, आजही खटकतात. म्हणजे लेख अगदीच खोटा नव्हता. शिवाय त्या काळात गंभीर मासिकात कुणी विनोदी सिनेमाचं कौतुक केलं असतं तर... जाऊ दे. बघ, चाळीशीला आलेल्या लेखाची मी अजून वकिली करतेय. अशोक सराफ नुसतं वळून बघतात आणि थिएटर कोसळतं, ते कसं घडतं यावर मला तेव्हा दोन पानं लिहिता आली असती. ताजं होतं सगळं. कुठल्या संवादाआधी ते किती थांबतात, लक्ष्या त्यांच्याकडे कसा बघतो. आज तो सिनेमा सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ झालेल्या विनोदाला पहिल्यांदा कसं हसलो ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे ते असायला हवं होतं. माझ्याकडे 'थिल्लर' आहे.

त्या लेखानंतर मी शहाणी झाले म्हण, नाहीतर शिष्ट. खेळ संपला की मी कुणाशी बोलत नाही. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहते, वहीत चार ओळी लिहिते, मगच 'हं, बोला' म्हणते. लोक हसतात. एका गटानं मला खेळांचं बोलावणं पाठवायचंच बंद केलं. मी चर्चेच्या विरुद्ध नाही, दोन तास भांडायची माझी तयारी असते. फक्त ती पंधरा मिनिटं माझी.

त्या पंधरा मिनिटांतलं एक पान तुला दाखवते. 'फँड्री', नागराज मंजुळेंचा. वहीत असं आहे, 'राष्ट्रगीत सुरू होतं, डुकराच्या मागे धावणारं घर जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निसटतं. सगळे हसले. मी हसले. शेवटी दगड. मी मान खाली घातली.' एवढंच. नंतर त्या दगडावर मी पुष्कळ वाचलं, तो प्रेक्षकावर भिरकावलेला आहे वगैरे. बरोबरच आहे. पण 'मी हसले' हे कुठल्याच लेखात नव्हतं. आधी वाचलं असतं तर मीही आठवणीतून ते हळूच काढून टाकलं असतं आणि पहिल्यापासून गंभीर होते असं शपथेवर सांगितलं असतं. वही सांगू देत नाही. दगड खाणाऱ्यांत मी का आहे, ते त्या दोन शब्दांमुळे कळतं.

तू म्हणशील, मग समीक्षा वाचायचीच नाही का? असं मी कधी म्हटलं? भरपूर वाच, पण नंतर. त्यातही मजा आहे. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ चा, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी लिहिलं होतं, 'आधी बीज एकले हा अभंग गाथेत शोधायचा.' शोधला की! दोन दिवस घालवले. पुढे कळलं, तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. कागदावर माझी फजिती तशीच आहे आणि खाली वेगळ्या शाईत आठवल्यांचं नाव. आधीच माहीत असतं तर मी 'वा, काय हुबेहूब उतरवलाय' असं काहीतरी शहाणपणाचं लिहिलं असतं. फसले, म्हणून तो किती हुबेहूब आहे हे मला पक्कं माहीत आहे.

या वह्यांचं मी पुढे काय केलं, असं विचारू नकोस. काही नाही. अकरा आहेत, कपाटात आहेत. पुस्तक कर म्हणणारे होते, मी केलं नाही, आता होईल असं वाटत नाही. तुझ्याकडून तशी अपेक्षा ठेवून हे सांगत नाही... थोडी ठेवतेय बहुतेक.

तारे देऊ नकोस. निदान पहिल्या दिवशी तरी नको. पाचपैकी साडेतीन लिहिलं की डोकं काम थांबवतं.

'कागज के फूल' पुन्हा बघ, पण लगेच नको. झोप झालेली असताना, एकटीनं, जमलं तर मोठ्या पडद्यावर. डुलकी पुन्हा लागली तर पुन्हा लिही. पुसलेलं काही आठवत असेल तर तेही, 'आठवून लिहिलंय' असं वर टाकून.

आणि त्या नव्या सिनेमाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी तो अजून पाहिलेला नाही. तू पत्रात त्याचा शेवट चार ओळींत सांगून टाकलास, त्याबद्दल भेटल्यावर बोलू. शुक्रवारी रात्रीच्या खेळाला जातेय. शनिवारी दुपारपर्यंत फोन करू नकोस.

तुझी,
मावशी