4294967297 ही संख्या मूळ आहे का? एवढी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे हाताने कसं ओळखायचं?

नाही. 641 × 6700417, करून बघा. पण या संख्येने माझं नाक कापलंय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

नववीत सरांनी फळ्यावर 3, 5, 17, 257, 65537 लिहिलं. 2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात, प्रत्येकात 1 मिळवून. सगळ्या मूळ. पुढे 32 वा घात अधिक 1, म्हणजे हीच बया, "ही पण मूळ." मी विचारलं, कशावरून? "फर्मासारख्या थोर गणितज्ञाने सांगितलंय. तू त्याच्याहून शहाणा का?" वर्ग खो खो हसला.

घरी येऊन वही काढली. कॅल्क्युलेटर आठ आकडी, संख्या दहा आकडी, म्हणजे सगळं हातानेच. 3, 7, 11, 13... बाकी उरली की काट मारायची. एक आकडा चुकला की अख्खं पान रद्द. 541 ला, म्हणजे शंभराव्या मूळ संख्येला, पुन्हा बाकी उरली आणि मी वही मिटली. सरांना जाऊन म्हटलं, मूळच असेल. 641 ही 116 वी. सोळा भागाकार राहिले होते हो!

फर्माने 1640 च्या सुमारास नुसता अंदाज बांधला होता, सिद्धता दिलीच नव्हती. 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तो मोडीत काढला. पुढे त्यानेच दाखवलं की या संख्येचा कुठलाही मूळ भाजक 64 च्या पाढ्याच्या एक पुढे असतो. म्हणजे तपासायच्या फक्त 193, 257, 449, 577, 641. पाच! मी शंभर केले.

भागाकार न करताही जमतं. 641 = 5×128 + 1, आणि 641 = 625 + 16. पहिल्यावरून 641 च्या हिशेबात, म्हणजे 641 ने भागून उरणारी बाकीच तेवढी बघायची तर, 5×2⁷ म्हणजे −1. चौथा घात घेतला की 5⁴×2²⁸ म्हणजे 1. दुसऱ्यावरून 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा, 2³² म्हणजे −1. त्यात 1 मिळवला की आपली संख्या, आणि बाकी शून्य, म्हणजे 641 ने पूर्ण भाग जातो. हे फळ्यावर चार ओळींत मावलं असतं, सर.

तेव्हा कुणी मोठं नाव तोंडावर फेकलं, तर सिद्धता मागा. आणि हो, 64 ची ही युक्ती प्रत्येक संख्येला चालत नाही. भलत्याच संख्येला लावाल तर फसाल, तिथे सरळ संगणकावर टाका. 65537 च्या पुढे या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.