वाचकांचे प्रश्न : डायनासोरला लायसिनचे कुलूप

प्रश्न : शाळेत मुलांना ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) दाखवला. प्राणी बेटाबाहेर पडले तरी जगू नयेत म्हणून त्यांच्या शरीरात लायसिन तयारच होऊ नये, अशी जनुकीय सोय केल्याचे त्यात सांगतात. हा उपाय खरोखर चालेल का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही चालणार. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात; लायसिन हे त्यांपैकी एक. ते माणसाच्या शरीरात तयार होत नाही, कोंबडीच्या नाही आणि बेडकाच्याही नाही. खाण्यातूनच मिळवावे लागते. आपला वरणभातच घ्या. तांदळात लायसिन कमी, तूरडाळीत भरपूर, म्हणून तर ही जोडी जमते. जी क्षमता प्राण्यात मुळात नाहीच, ती काढून घेऊन काय साधणार? शाकाहारी डायनासोर शेंगवर्गातला पाला खाईल, मांसाहारी त्याला खाईल, आणि दोघेही जगतील.

खरे कुलूप कसे असते तेही मुलांना सांगा. १९७५ साली कॅलिफोर्नियात असिलोमारला जनुकशास्त्रज्ञ जमले, तेव्हाच प्रयोगशाळेबाहेर तग धरू न शकणारे दुबळे जिवाणू वापरावेत असे ठरले होते. २०१५ मध्ये ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूची अशी वाणे तयार झाली, की ज्यांना निसर्गात कुठेच न सापडणारे कृत्रिम अमिनो आम्ल लागते. मेख इथे आहे : अन्न बाहेर मिळणारे असेल तर ते कुलूपच नव्हे. शिवाय त्या कृत्रिम आम्लाशिवाय प्रथिन बनूच नये, असा बदल जिवाणूच्या एकाच प्रथिनात करून भागत नाही. जिवाणू कोट्यवधींनी वाढतात. उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकात आपोआप होणाऱ्या बदलाने, एखादा त्यातून सुटतोच. म्हणून अनेक आवश्यक प्रथिने एकदम बदलतात.

प्रश्न : म्हणजे भीती फक्त प्राणी निसटण्याचीच?

उत्तर : नाही. आमच्या मते मोठा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि चित्रपट तो दाखवतच नाही. अंडे फुटते, पिल्लू डोके बाहेर काढते, सगळे हरखून जातात; त्याआधी किती पिल्ले मेली, हे कुणी विचारत नाही. डॉली ही क्लोन, म्हणजे दुसऱ्या मेंढीच्या पेशीपासून तयार केलेली तिची जनुकीय प्रत, १९९६ साली जन्मली. त्यासाठी २७७ बीजांडांत पेशीकेंद्र बसवले, त्यांतून २९ भ्रूण १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले, आणि जगले एकच कोकरू. स्पेनमधली बुकार्डो ही रानबकरी २००० साली नामशेष झाली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला खरा, पण फुप्फुसात दोष होता. करडू काही मिनिटांतच गेले.

हाच हिशेब माणसाच्या बाळावर करायचा म्हटले की हात थांबायला हवा. चीनमध्ये २०१८ साली ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून भ्रूणांतले सीसीआर५ जनुक (एचआयव्हीला पेशीत शिरायला मदत करणारे) बदलले. जुळ्या मुली जन्मल्या. पण निसर्गात आढळणारा संरक्षक बदल त्यांच्यात हुबेहूब उतरला नाही. जियानकुई यांना तीन वर्षांची कैद झाली. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी क्लोन जन्माला घालण्यास मनाई आहे, आणि प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही.